कोक्करेबेळ्ळूर: चिंच पिकते तेव्हाच पाहुणे येतात

केंगेरीकर
२३ फेब्रुवारी, रात्री १०:४०

बंगळुरात येऊन चौदा वर्षं झाली. म्हैसूर रस्त्यानं किती खेपा झाल्या असतील देव जाणे, पण चन्नपट्टण ओलांडल्यावर रुद्राक्षीपुराला डावीकडे वळायचं दर वेळी राहून जायचं. गेल्या रविवारी वळलो. तिथून बाराएक किलोमीटर आत कोक्करेबेळ्ळूर. तालुका मद्दूर, जिल्हा मंड्या. कन्नडमध्ये कोक्करे म्हणजे करकोचा. गाव मूळचं नुसतं बेळ्ळूर, कोक्करे मागाहून चिकटलं.

पक्ष्यांचे फोटो आंतरजालावर पोत्यानं सापडतील, म्हणून टाकत नाही. (माझे हललेत, हे दुसरं कारण.) लिहायचंय ते गावाबद्दल.

अभयारण्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फाटक, कुंपण आणि दुर्बीण घेतलेली माणसं येतात. इथे तुम्ही सरळ एका शेतकरी गावात शिरता. गोठे, उकिरडे, रागीच्या (म्हणजे नाचणीच्या) काडाच्या गंजी, दारात दुधाची किटली पालथी घातलेली. आणि कौलांवर झुकलेल्या चिंचेच्या फांद्यांवर झोळीवाले, म्हणजे पेलिकन. पंख पसरले की सात-आठ फूट भरतील असे. कन्नडमध्ये त्यांना हेज्जार्ले म्हणतात. शेजारच्या झाडावर चित्रबलाक, म्हणजे गुलाबी शेपटाचे रंगीत करकोचे. मोठे पक्षी बहुतेक गप्प असतात, कलकलाट सगळा पिलांचा. खाली जमीन चुना सांडल्यासारखी पांढरी. वासाबद्दल काय सांगू, मासळीबाजार उन्हात दोन दिवस बंद ठेवून तिसऱ्या दिवशी उघडला तर येईल तसा वास. गावकऱ्यांना तो येतच नाही.

एका घराच्या जगलीवर (आपला ओटाच, फक्त वर छप्पर असलेला) एक अज्जी चिंच फोडत बसल्या होत्या. माझं कन्नड भाजी आणण्यापुरतं. तरी अर्धा तास बसलो. म्हटलं, दारात एवढं मोठं चिंचेचं झाड, यंदा चांगली चिंच निघाली असेल. त्या म्हणाल्या, ही शेतातल्या झाडाची. दारातल्या झाडाला हात लावत नाही, लेकी बाळंतपणाला आल्यात. तवरुमने, म्हणजे माहेर.

हे वाक्य तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकायला मिळतं, मीही आधी वाचलं होतं. पण पुढचं वाचलेलं नव्हतं. मी विचारलं, मग चिंच जाते ना? अज्जी म्हणाल्या, लेक आली की चार महिने खर्च असतोच. आणि शेजारच्या सुनेकडे बघून हसल्या.

खरी गोम इथेच आहे. चिंच पिकते जानेवारी ते मार्च. झोळीवाल्यांची अंडी-पिल्लंही नेमकी त्याच वेळी झाडावर. महिनाभर उबवण, मग पिलू उडायला आणखी तीन-चार महिने. बांबूनं झाड झोडपलं की घरटी गेली. म्हणजे ज्याचं झाड त्यानं पीक सोडायचं. भरात आलेलं झाड दीड-दोनशे किलो चिंच देतं, तेव्हा हे सोडणं किरकोळ नाही.

बदल्यात काय मिळायचं? शीट. झाडाखाली खड्डे खणायचे, तळ्यातला गाळ बैलगाडीनं आणून त्यात टाकायचा, हंगामभर वरून शीट पडत राहते आणि पेरणीआधी ते खत उपसून रागीच्या, भाताच्या शेतात. मासे खाणाऱ्या पक्ष्यांची शीट नत्र-स्फुरदाला जोरकस. युरियाची गोणी गावात येण्याआधी हा सौदा बरा होता. १९७६ साली एस. जी. नेगिनहाळ या वन अधिकाऱ्यांनी ही वसाहत बाहेरच्या जगाच्या नजरेस आणली (पुढे १९८० च्या दशकात यांनीच बंगळुरात लाखांनी झाडं लावली), आणि त्यानंतर वनखात्याकडून घरटी असलेल्या झाडांच्या मालकांना चिंचेपोटी भरपाई मिळू लागली. तिच्यात आजच्या चिंचेचा भाव बसत नाही, असं गावात सरसकट ऐकू येतं.

आता प्रश्न. अज्जींच्या नातवाला कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायचंय. झाड मधोमध आडवं येतं. तो चिडका वगैरे नाही, उलट लहानपणी घरट्यातून पडलेली पिल्लं त्यानं वाढवलीत. मला म्हणाला, सर, तुम्ही संध्याकाळी बंगळूरला जाल, पावसाळ्यात गळक्या कौलाखाली आम्ही झोपतो.

त्याच्या जागी तुम्ही असता तर? आणि तुमच्याकडे असं कुठलं गाव आहे का?

टिवल्याबावल्या
२३ फेब्रुवारी, रात्री ११:०२

फोटोशिवाय पक्ष्यांचा धागा म्हणजे रश्श्याशिवाय मिसळ. बाकी वासाचं वर्णन वाचून जेवण पुढे ढकललं आहे. मद्दूरपर्यंत जाऊन मद्दूर वड्याचा एक शब्द नाही? निषेध.

उजनीकाठ
२४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

केंगेरीकर, मस्त लिहिलंय. मी इंदापूर तालुक्यातला. आमच्याकडे भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात चित्रबलाक घरटी करतात, आणि इंदापुरात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवरसुद्धा. लहानपणी दाखला काढायला वडिलांबरोबर गेलो की मी मान वर करून उभा असायचो.

पण तुमचं वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की आमची झाडं सरकारी आहेत. चिंच गेली तर कुणाच्या घरचं काही जात नाही. फार तर मोटारसायकलच्या सीटवर पांढरी रांगोळी, आणि ज्याची सीट तो बोंबलतो. तुमच्या अज्जींचं झाड सातबाऱ्यातलं (तिकडे काय म्हणतात?). हा फरक मोठा आहे. सरकारी झाडाखाली उभं राहून पक्षिप्रेमी व्हायला पैसे पडत नाहीत.

केंगेरीकर
२४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

@उजनीकाठ, तिकडच्या सातबाऱ्याला पहाणी म्हणतात. आरटीसी असंही.

@टिवल्याबावल्या, वडा खाल्ला. रवा, तांदळाचं पीठ, मैदा, भरपूर कांदा, हातावर थापून चपटा तळलेला. मद्दूरच्या रेल्वे स्टेशनात जन्माला आलेला पदार्थ, शंभर वर्षांवर जुना. आता रड अशी की २०२३ च्या मार्चमध्ये बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्ग सुरू झाला, तो मद्दूर आणि चन्नपट्टण दोन्ही गावांना वळसा घालून जातो. जुन्या रस्त्यावरची वड्याची हॉटेलं आणि चन्नपट्टणची लाखेच्या खेळण्यांची दुकानं बरीच ओस. मी मुद्दाम जुन्या रस्त्यानं गेलो.

शंकासुर
२४ फेब्रुवारी, दुपारी १:१०

लेख छान, पण ‘लेकी माहेरी येतात’ हे प्रवासी पुरवण्यांचं वाक्य आहे. पक्षी येतात कारण आसपास तळी आहेत, नदी आहे आणि माणसांच्या वर्दळीत शिकारी प्राणी कमी. गावकरी सोसतात कारण खत मिळायचं आणि आता भरपाई मिळते. यात श्रद्धा कुठे आली? सगळा व्यवहार. वेगळं काही असेल तर आकडे द्या.

केंगेरीकर
२४ फेब्रुवारी, दुपारी २:००

व्यवहार आहेच, मी तेच लिहिलंय. पण एक सांगतो. हे गाव आधी शिंशा नदीच्या काठाला होतं. १९१६ च्या सुमारास प्लेगमुळे लोक उठून आत्ताच्या जागी आले, आणि गावातले सांगतात की मागोमाग पक्षीही आले. तुम्ही म्हणाल योगायोग, नवी झाडं, अमुक तमुक. असेल. पण प्लेगात अर्धं घर गमावून नव्या जागी चूल मांडणाऱ्याला वर बघितल्यावर तेच पक्षी दिसले असतील, तर त्याला काय वाटलं असेल?

शंकासुर
२४ फेब्रुवारी, दुपारी २:२५

वाटलं असेल. मी आकडे विचारत होतो. बरं, राहू दे.

मंड्याची_सून
२४ फेब्रुवारी, रात्री १०:५५

केंगेरीकर भाऊ, मी मूळची कागलची. लग्न होऊन एकोणीस वर्षं मद्दूर तालुक्यात. आमचं गाव कोक्करेबेळ्ळूर नव्हे, पण तिथली सोयरीक आहे. रात्रीचा पाला घालून झालाय, वाजले अकरा, म्हणून लिहिते. जरा लांबेल.

तुम्ही पक्ष्यांच्या चार महिन्यांचं लिहिलंत. गावाचे उरलेले आठ महिने कसे जातात ते सांगते.

आमच्याकडे पैसा रेशमाचा. तुतीचा मळा, आणि घराला लागून किड्यांची खोली. किडे आणायचे चॉकी केंद्रातून (तिथे किड्यांची पिल्लं वाढवतात), दोन ‘ज्वर’ झालेले. किडा कात टाकायला थांबतो, खात नाही, डोकं वर करून बसतो, त्याला इथे ज्वर म्हणतात. नवी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हुळांना ज्वर आलाय, आज पाला नको. मी खोलीत औषध शोधायला गेले. अजून हसतात सगळे. नंतर घरी वीस दिवस. शेवटच्या आठवड्यात किडा असा खातो की रात्री दोनला उठून पाला घालावा लागतो. मग त्यांना चंद्रिकेवर सोडायचं, बांबूची चटई असते, तिच्यावर वळसे वळसे केलेले. आता प्लॅस्टिकच्या नेत्रिका आल्यात. कोष झाले की गोणीत भरून रामनगरच्या बाजारात, आशियातला सगळ्यात मोठा म्हणतात. लिलाव बरा गेला तर घरी येताना मटण. बंडूरची मेंढी आमच्याच जिल्ह्यातली, ज्यानं खाल्लीय त्याला विचारा. पडला तर मुकाट्यानं बस धरायची.

आणि रेशमाचा पक्ष्यांशी संबंध आहे. तुतीच्या बांधाला कुणी कीटकनाशक मारलं तर आमचे किडे मरतात. त्यामुळे शेजारी काय फवारतो यावर भांडणं होतात. जिथं तुती जास्त तिथं फवारा दबकत मारतात. हे पक्ष्यांवरच्या प्रेमापोटी होत नाही, पण तळ्यातल्या माशांना थोडंफार बरंच असणार.

शंकासुरांना आकडा पाहिजे होता ना? एक आकडा देते: १२४.८०. कावेरीवरचं कृष्णराजसागर धरण भरलं की पाणी एवढ्या फुटांवर असतं. मंड्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला पाठ. जुलै-ऑगस्टात सकाळी दुसरं काही विचारण्याआधी ‘आज किती फूट?’ विचारतात. विश्वेश्वरय्या कालव्याचं पाणी पोचतं तिथे ऊस आणि भात. नाही तिथे रागी, हुलगे, अवरे (वाल). पाणी पाळीनं सुटतं, आपल्याकडच्या आवर्तनासारखंच. पाऊस ओढ खातो तेव्हा तमिळनाडूला पाणी सोडायचा निकाल येतो आणि रस्त्यावर टायर पेटतात. माझ्या नवऱ्यानं एकदा अख्खा दिवस मद्दूरात रस्त्यावर बसून काढलाय, आणि घरी येऊन पहिलं वाक्य, गाईची धार काढली का?

आता नातवाचं. तुम्ही घर म्हणताय, झाड म्हणताय. पण घर कशासाठी बांधायचंय ते विचारलंत का? मला शंका आहे की पोराचं लग्न अडलंय. इथे स्लॅबचं घर, बंगळुरात नोकरी आणि मगच मुलगी. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत आमच्याच तालुक्यातल्या के. एम. दोड्डीहून लग्न न जमलेली पोरं चालत मले महादेश्वराच्या डोंगराला गेली, देवाला बायको मागायला. शंभरावर किलोमीटर. पेपरवाल्यांनी हसण्यावारी नेलं. त्याच्या दोनच महिने आधी आपल्या सोलापुरात नवरदेवांचा मोर्चा निघाला होता, तोही हसण्यावारीच नेला. आणि मुली गेल्या कुठे? त्याच वर्षी नोव्हेंबरात मंड्या जिल्ह्यातल्या एका गुऱ्हाळात, इथे आलेमने म्हणतात, गर्भलिंग तपासणीचं यंत्र सापडलं. गुळाच्या चुलाणाशेजारी. मी कागलची, गुऱ्हाळाच्या वासावर वाढलेली. ते वाचून मला दोन दिवस गूळ गोड लागला नव्हता.

लेकी माहेरी येतात म्हणून झाडाला हात न लावणारा मुलूखही हाच.

पाला संपत आला असेल. झोपते.

चिंचगुळाची_आमटी
२५ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

@मंड्याची_सून, ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटच्या आधीच्या ओळीवर थांबले बराच वेळ.

जरा हलकं विचारू का? रागी मुद्दे (नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे) माझ्या हातून गाठींशिवाय कधी झाले नाहीत. नाचणीची उकड समजून करते म्हणून का?

मंड्याची_सून
२५ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

उकडीसारखं हलवत बसलात म्हणून. पाण्याला कड येऊ दे, चिमूटभर पीठ आधीच पाण्यात कालवून त्यात घाला, मग सगळं पीठ ढीग करून मधोमध ओता आणि हात लावू नका. काठीनं ढिगाला एक भोक पाडा, झाका, पाच-सात मिनिटं रटरटू दे. मग पातेलं खाली उतरवून दोन पायांत धरायचं आणि लाकडी कोलानं जोर लावून घोटायचं. इथे हात गरम होतो, पाणी लावत गोळा वळायचा. खाताना चावायचं नाही. सारात बुडवून गिळायचं. मी पहिल्यांदा चावलं तर सासरे म्हणाले, सून दातानं मुद्दे खाते, हिला चपाती द्या. माझा अपमान नव्हता बरं का, काळजी होती.

सार मात्र उप्पुसारूच पाहिजे. पालेभाजी आणि कडधान्य उकडलेलं पाणी, वर मिरची-लसणाचं वाटण वेगळं. डिसेंबर-जानेवारीत अवरेचा हंगाम, तेव्हा सगळ्यात अवरे. आपल्या वालाच्या शेंगा, पण वास असा की बसमध्ये पिशवी असली तरी कळतं.

आणि संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल वाटतात. तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे. देताना म्हणायचं, एळ्ळु बेल्ल खा आणि चांगलं बोल. पहिल्या संक्रांतीला हे ऐकून मी परसात जाऊन रडले, आईनंच फोन केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी गाईबैलांना रंगवून पेटत्या पेंढ्यावरून उड्या मारायला लावतात, किच्चु हायिसोदु. आमचे हळ्ळीकार बैल बघून वडील म्हणाले, अरे हे तर आपलं खिल्लार! म्हटलं, खिल्लाराचं मूळ इकडचंच सांगतात. त्यांना ते पटलं नाही.

पाणकोळी
२५ फेब्रुवारी, रात्री ९:४५

दोन मुद्दे, पक्ष्यांच्या बाजूनं.

एक, कायद्याचं. २००२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन ‘कम्युनिटी रिझर्व्ह’ हा प्रकार आला, म्हणजे जमीन लोकांचीच राहते आणि राखणही लोकांसह. कोक्करेबेळ्ळूरला हा दर्जा २००७ मध्ये मिळाला. त्यामुळे नातवानं परस्पर कुऱ्हाड चालवू नये. आधी परवानगी विचारावी, आणि काही तोडायचंच असेल तर पक्षी नसताना, जुलै ते सप्टेंबरात.

दोन, झाडं वाचली तरी पुरत नाही. २०१७ च्या अखेरीपासून पुढे काही महिने तिथे झोळीवाले पटापट मेले. शवविच्छेदनात पोटात गोलकृमींचे पुंजके सापडले. हे कृमी माशांतून येतात. म्हणजे मूळ तळ्यांत. हे पक्षी तैलूरचं तळं, मद्दूरचं तळं, सुळेकेरे अशा दूरदूरच्या पाण्यांवर चरतात. त्या तळ्यांत सांडपाणी किती जातं यावर गावातल्या झाडावरचं पिलू जगतं की मरतं ते ठरतं. आणि तळी मासेमारीसाठी लिलावानं जातात. पैसे मोजून बोटुकली (माशांची पिल्लं) सोडणाऱ्या ठेकेदाराला झोळीवाला दिसला की काय वाटत असेल, विचार करा. तिथे लेक-माहेर चालत नाही.

गावातल्या तरुणांनी ‘हेज्जार्ले बळग’ नावाचा गट केलाय, म्हणजे झोळीवाल्याचं गणगोत. म्हैसूरच्या निसर्गप्रेमींच्या साथीनं १९९० च्या दशकात सुरू झाला. घरट्यातून पडलेली पिल्लं उचलायची, कुंपणात ठेवून मासे भरवायचे, पंखांत बळ आलं की सोडायची. झाडांखाली जाळ्याही बांधल्या. केंगेरीकर, तुमचा नातू त्यातलाच असणार.

शंकासुर
२५ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आता कसं. झाड मालकाचं, मासा ठेकेदाराचा, पक्षी सरकारचा, खत कुणालाच नको. ताईंचा १२४.८० मान्य. माझा ‘सगळा व्यवहार’ हा शेरा मागे घेत नाही, पण व्यवहार मी समजलो होतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे.

उजनीकाठ
२६ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

@शंकासुर, खत कुणालाच नको असं कसं? आमच्याकडे डाळिंबवाले कोंबडीखताला रांग लावतात. हे खत गोळा करायला माणूस मिळत नाही, अडचण तिथे असेल.

मंड्याची_सून
२६ फेब्रुवारी, रात्री ११:१५

बरोबर. खड्डा खणा, गाळ आणा, उपसा, वाहा. बैलगाड्या राहिल्या कुठे? पोरं सकाळच्या बसनं बिडदीच्या कारखान्यांत जातात. २०२३ च्या जूनपासून बायकांना बस फुकट झालीय, त्यामुळे बायकाही गार्मेंटला. माझ्या जावेनं पहिल्या महिन्यात वाचलेल्या तिकिटाचे पैसे मोजून दाखवले मला, आणि त्यातून स्वतःला चप्पल घेतली. कुणालाही न विचारता. खड्डे खणायला उरलो म्हातारे आणि आम्ही रेशीमवाले, आणि आम्हाला वेळ नाही.

केंगेरीकर
१८ जानेवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, माफी. संक्रांतीच्या सुट्टीत परत गेलो होतो.

घर झालंय. स्लॅबचं, वर पाण्याची टाकी, बाहेरून पोपटी रंग. ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला, नातवाचं लग्न वैशाखात आहे. मुलगी चन्नपट्टणकडची.

झाड आहे. घरावर आलेली मोठी फांदी मात्र परवानगी काढून ऑगस्टात उतरवली. गेल्या वर्षी मी झाडावर अकरा घरटी मोजली होती, यंदा सात आहेत. फांदीमुळे की तळ्यांमुळे की असंच, सांगता येत नाही. नातवाला विचारलं तर म्हणाला, अजून महिना आहे, उशिराही येतात. नव्या गच्चीवर शीट पडते म्हणून त्यानं टाकीवर पत्रा घातलाय. गच्चीवर साठलेली शीट मात्र अज्जी खराट्यानं एका घमेल्यात गोळा करायला लावतात आणि परसातल्या वांग्यांना घालतात. वांगी बघण्यासारखी होती.

उतरवलेल्या फांदीचा ओंडका अजून अंगणात पडलाय. खाटकाच्या ठोकळ्याला चिंचेचं लाकूड लागतं, मद्दूरहून गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणे, अज्जींनी दिला नाही. मी आपला बघत राहिलो त्या ओंडक्याकडे. त्यांना कारण विचारायचं धाडस झालं नाही.

मंड्याची_सून
१८ जानेवारी, रात्री १०:४०

ओला असेल हो. चिंचेचं लाकूड नीट वाळल्याशिवाय तडकतं, ओल्याला भाव पाडून मागतात. वैशाखात लग्न आहे म्हणताय ना, तोवर वाळेल.